डोंगराची सरासरी

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (लांबून ठेवतोय, म्हणजे तुला पाय मागे घेता येणार नाहीत) आणि पत्र सुरू करतो. तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. ते मी आधी खिशात ठेवलं, मग दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मग तो शर्ट धुतला. पण त्याआधी दोनदा वाचलं होतं, त्यामुळे मजकूर अंगात भिनलेला आहे. उत्तर लिहायला रोज बसत होतो आणि रोज काहीतरी आडवं येत होतं. एकदा पेनच नव्हतं. एकदा पेन होतं, पण समोर दोन माणसं ट्रकच्या चाकाखाली दगड पुढून लावायचा की मागून यावर भांडत होती, आणि असलं भांडण अर्ध्यावर सोडून पत्र लिहायला जाणारा माणूस मला तरी आपला वाटत नाही. (दगड शेवटी कोणीच लावला नाही. ट्रक बिचारा लाजेनेच थांबून राहिला.) खरं सांगायचं तर तू एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. माहीत नसतं तर त्याच दिवशी चार पानं लिहून मोकळा झालो असतो.

तुझा गुडघा कसा आहे? माळ्यावर चढणं सोडलंस हे चांगलं केलंस. खोकला? मांजर घरी आली का? स्वयंपाकघराचं छप्पर बदलायचं घाटत होतं, त्याचं काय झालं? सुतार अजून ‘उद्या येतो’वरच असेल तर त्याला कान धरून आण. हे मी उगाच लिहीत नाहीये, कारण पुढे येईल. मी विसरलो तर आठवण कर, म्हणजे तुला करता येणार नाही, पण असो.

तू म्हणशील, कामाच्या डोंगरावरून माझं घर दिसतं तर खाली उतरून सांगायला काय धाड भरली होती? दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे मागच्या वेळी तूच दारात उभी राहून म्हणाली होतीस की एका कामाला चिकटून दाखव आणि मगच उंबरा ओलांड. मी अजून चिकटतोच आहे, पुरता सुकलेलो नाही. दुसरी अडचण अशी की तू समोर असलीस की माझं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नाही. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही, हे पत्राचं मोठं सुख आहे.

तर मी इथे कसा आलो ते आधी. मी निघालो होतो क्रेन चालवायला शिकायला. (त्याआधी बेकरीत होतो, ते सोड. भट्टीसमोर उभं राहून माझं डोकं आणि पाव एकदमच करपायला लागले.) वाटेत बस थांबली, तर रस्त्याकडेला एक हडकुळा माणूस तीन पायांच्या यंत्राला डोळा लावून उभा. एवढा वेळ एक डोळा मिटून काय बघतोय म्हणून मी उतरलो. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “ती काठी धर.” मी आकडे रंगवलेली उंच काठी धरली. “मागे हो. अजून मागे. वर चढ.” मी चढत गेलो आणि बस माझी पिशवी घेऊन निघून गेली. पिशवी नंतर परत आली, फक्त टॉवेल कोणाला तरी आवडला (ते तुला तेव्हाच कळवलं होतं). तो माणूस म्हणजे आमचा मोजणीदार. डोंगराकडे तो कधीच उघड्या डोळ्यांनी बघत नाही, यंत्रातूनच बघतो, आणि यंत्रात डोंगर उलटा दिसतो की काय कोण जाणे, त्याला कुठलाच चढ कधी जाणवत नाही. वर पोचलो, मागे वळलो, तर खाली एक ओळखीचं निळं पत्र्याचं छप्पर. तुझं घर मला पुढून पाठ आहे. मागून आणि वरून पहिल्यांदाच पाहिलं. तू वाळत घातलेले कपडे काढत होतीस आणि कोणाला तरी ओरडत होतीस. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मला एकदम बरं वाटलं.

आता हा डोंगर. आमच्या मालकांनी तो घेतलाय आणि त्यावर घरांचे प्लॉट पाडायचे आहेत. मालक गोड माणूस आहे. आवाज कधी चढवत नाहीत, सगळ्यांना ‘बेटा’ म्हणतात, सिमेंटवाल्यालासुद्धा, जो त्यांच्या वडिलांच्या वयाचा आहे. ‘डोंगर’ हा शब्द त्यांना सोसत नाही, ते ‘चढती जागा’ म्हणतात. दरीला ‘मोकळा देखावा’ म्हणतात. मागे एकदा एक दरड सुटली तर म्हणाले, “माती जरा पुढे आलीये.” पण चढत्या जागेवर मनाला येईल तशी घरं बांधता येत नाहीत. पालिकेची त्यावर एक जाडजूड नियमावली आहे. झालं असं होतं की पूर्वी दुसऱ्या कुठल्याशा डोंगरावरची एक भिंत खालच्या गॅरेजमध्ये उतरली. आत माणूस नव्हता, त्यामुळे लोकांना रडण्याऐवजी विचार करायला सवड मिळाली आणि त्या सवडीत हे पुस्तक तयार झालं. मी ते वाचलंय. (हसू नकोस. पाऊस होता, खोलीत दुसरं काही छापील नव्हतं.) नियम अगदी शहाणे आहेत. चढ जितका उभा तितकी घरं कमी. आधाराची भिंत माणसाच्या उंचीपेक्षा जास्त नको. कुठल्याही छपराने डोंगराच्या माथ्यावरून डोकं काढायचं नाही. आगीचा बंब प्रत्येक दारापर्यंत पोचला पाहिजे आणि तोंड फिरवून परतही आला पाहिजे. वाचताना वाटलं, हे लिहिणारा माणूस नक्की कुठल्यातरी उताराखाली राहत असणार. आमचे मालक मात्र हे पुस्तक शेवटाकडून वाचतात, कारण सवलती शेवटी दिल्या आहेत.

भिंतीचंच घे. तुझ्या घराच्या बरोबर वर जमीन कापून भिंत घालायची आहे. ती माणसाएवढीच हवी, पण माती तर घराएवढी उंच. मग मालकांनी काय केलं? एक भिंत माणसाएवढी. तिच्यावर पाय ठेवण्यापुरती पायरी. मग दुसरी भिंत माणसाएवढी. मग पुन्हा पायरी, पुन्हा भिंत. प्रत्येक भिंत नियमात बसते. वरून बघितलं तर छान पायऱ्या दिसतात. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघशील तर एकावर एक उभी राहिलेली माणसं दिसतील, आणि सगळ्यात खालच्या माणसाला विचारायचं कोणालाच सुचलेलं नाही. मी मोजणीदाराला विचारलं की हे सगळं मिळून खाली आलं तर नियमाने ती एक भिंत पडली म्हणायची की तीन? त्याने चष्मा पुसला. अडचणीचं काही विचारलं की तो चष्मा पुसतो. काचा झिजून पातळ झाल्यात बिचाऱ्याच्या.

छपरांचा किस्सा तर तुला सांगितलाच पाहिजे, कारण त्यात माझी मेहनत आहे. घर बांधण्याआधी त्याची उंची लोकांना दिसावी म्हणून प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यांवर छपराएवढे बांबू रोवून वर नारिंगी जाळी ताणायची असा नियम आहे. म्हणजे खालच्या रस्त्यावरून कोणीही मान वर करून सांगू शकतो की हे घर माथ्यावरून डोकावतंय. हे बांबू मी रोवले. पहिल्या दिवशी वारा सुटला आणि एका बंगल्याचा अर्धा भाग दुसऱ्या बंगल्यात जाऊन राहिला. दुसऱ्या दिवशी एक शेळी आली आणि तिने कोपऱ्यावरच्या बंगल्याचा वरचा मजला खाल्ला. मी तिला हुसकावलं नाही, कारण त्या बंगल्याच्या उंचीबद्दल तिचं जे मत होतं तेच माझंही होतं. आणि खरंच, शेवटच्या ओळीतले बांबू माथ्यावरून सरळ आकाशात गेलेले दिसत होते. मी धावत जाऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, “बेटा, खड्डा जरा खोल कर.” मी म्हटलं, घराचा? ते म्हणाले, “बांबूचा.” आत्या, घर बुटकं करायचं तर नकाशा बदलावा लागतो, पालिकेत पुन्हा जावं लागतं, कोणाकोणाचे पाय धरावे लागतात. बांबू बुटका करायला फक्त कुदळ लागते. मी दिवसभर खणलं. संध्याकाळपर्यंत दुमजली घरं माझ्या छातीशी आली होती. तरीही एक टोक दिसतच होतं. मग मोजणीदाराने पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय की छप्पर मोठ्या रस्त्यावरून दिसता कामा नये. रस्त्यावर नेमकं कुठून, ते लिहायचं राहून गेलंय. त्याने जागा निवडली ती पेट्रोल पंपाच्या पाटीच्या मागची. तिथे उभं राहिलं की छप्पर दिसत नाही हे अगदी खरं आहे. डोंगरही दिसत नाही. पंपवाल्याने विचारलं, “काय शोधताय?” मोजणीदार म्हणाला, “काहीच दिसत नाहीये ना, ते बघतोय.”

आता तुझा प्रश्न. तू लिहिलं होतंस, “पाऊस नाही, पाण्याची लाईन फुटलेली नाही, तरी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत चिखल कसा आला, आणि तो डोंगर जागेवर राहणार आहे की नाही?” चिखलाचं सांगतो. बंबाच्या नियमाची चाचणी होती. वर एका सपाट केलेल्या तुकड्यावर चुन्याच्या फक्कीने मोठा गोल आखला होता. बंबाने वर यायचं, गोलात वळायचं, खाली जायचं. बंबवाला म्हणजे दणकट गडी, मिशा बंबाच्या पुढे येतात. रस्ता बघूनच म्हणाला, “मी आग विझवायला येतो, सर्कस करायला नाही.” मालकांनी त्याला ‘बेटा’ म्हणून गार केलं. बंब गुरगुरत वर आला. गोलात अर्धा वळला. तिथे मात्र त्याचं नाक मोकळ्या देखाव्यावर गेलं आणि मागची चाकं भुसभुशीत मातीत बसली. आम्ही ढकललं. फळ्या टाकल्या. (एक फळी माझ्या झोपायच्या बाकाची होती. ती अजून मातीतच आहे. मी सध्या कुशीवरच झोपतो.) शेवटी बंबवाला म्हणाला, वजन कमी केल्याशिवाय हा हलायचा नाही, आणि त्याने टाकीच उघडली. सगळं पाणी एका दमात सुटलं, भिंतींसाठी कापलेल्या पायऱ्या सोडून सरळ मधून वाट काढून दिसेनासं झालं. मालक कौतुकाने बघत होते. म्हणाले, “वा! पाण्याचा निचरा किती सुंदर होतोय.” मोजणीदाराने लगेच टिपून घेतलं: निचरा उत्तम. पाणी कुठे निचरलं हे बघायला मी कड्यापर्यंत गेलो, तर तू परसात आली होतीस, हातात झाडू होता आणि वर आकाशाकडे बघून ढगाला शिव्या घालत होतीस. ढग एकही नव्हता. मी खाली बसलो. मला तेव्हा हसू आलं, हे खोटं सांगणार नाही. नंतर तुझ्या मागच्या दारातून चिखलाची बादली तू एकटीच बाहेर काढतेस हे दिसलं, आणि मग नाही आलं.

डोंगर जागेवर राहणार का, या प्रश्नाचं उत्तर जरा वळणाचं आहे. मागच्या आठवड्यात पत्र्याच्या खोलीत मालक, मोजणीदार आणि मी चहा पीत होतो. मोजणीदार चष्मा पुसत म्हणाला की पूर्ण जागेच्या चढाची सरासरी जास्त येतेय आणि पुस्तकाप्रमाणे निम्मी घरं जातील. मालकांचा कप हवेत राहिला. म्हणाले, “जागा थोडी कमी चढती करता नाही येणार?” मोजणीदार म्हणाला, “डोंगर कमी नाही होणार. सरासरी होईल. पायथ्याची एखादी सपाट जागा आपल्या नकाशात जोडली की झालं.” तुला सरासरी आठवते ना? दादा गणितात वर्गात पहिला आला होता आणि मी भोपळा घेऊन घरी आलो होतो, तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं की दोघांचे मिळून बघा, आपण पास आहोत. बाबांनी मार मात्र सरासरीने वाटला नाही, सगळा मलाच दिला. मला तेव्हाच वाटलं होतं की या हिशोबात कोणाचा तरी घात आहे. तर असं करून तिघंही दारात आलो आणि खाली बघायला लागलो. डोंगर संपतो तिथे एकच सपाट तुकडा आहे. निळं छप्पर, अंगण, मागचं परस. आणि मी, आत्या, पेपरात स्वतःचा फोटो दिसल्यासारखा ओरडलो, “अहो, ही तर माझ्या आत्याची जागा!”

त्या दिवसापासून मला बसायला खुर्ची मिळते. त्याआधी सिमेंटचं पोतं होतं. मालक माझी चौकशी करतात, तुझी करतात, तुझ्या गुडघ्याचीसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की तुझं काहीच जाणार नाही. घर तुझं, अंगण तुझं, लिंबाचं झाड तुझं. फक्त कागदावर तुझी जागा डोंगराच्या हातात हात घालून उभी राहील, म्हणजे डोंगर कागदावर जरा वाकेल. तुझी एक सही. मलाही ते ऐकून वाटलं, एवढंच ना? तू तशीही कोणाकोणाला सही देतेस, कुरियरवाल्याला देतेसच की.

मग मला नकाशांची भेंडोळी घेऊन पालिकेत पाठवलं. तिथे खिडकीत एक इंजिनिअर बाई बसतात. केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. नकाशा उलगडून म्हणाल्या, “हा सपाट भाग नवीन दिसतोय. यावर काय आहे?” मी म्हटलं, घर. “कोणाचं?” आत्याचं. “मग आत्या कुठे जाणार?” मी म्हटलं, कुठेच नाही, फक्त नकाशात जोडायची. त्यांनी नियमावली काढली, माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सरासरीत धरलेली सपाट जागा कायमची मोकळी ठेवायची. नवी भिंत नाही, नवं छप्पर नाही, जे आहे त्याची दुरुस्तीसुद्धा नाही. जे पडेल ते पडलेलंच राहील. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, “वाचता येतं ना?” मी म्हटलं, येतं, पण पटत नाहीये. त्या म्हणाल्या, “पटण्याची खिडकी वेगळी आहे,” आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

म्हणजे बघ हं. जिथे घर असू नये अशा डोंगरावर घरं बांधायला मिळावीत, म्हणून जिथे घर निवांत उभं आहे त्या सपाटीवर घर असायला बंदी. हे नियमात बसतं. तुझ्या स्वयंपाकघराच्या छपराला भोक पडलं की तू तिथे छत्री उघडून भाकऱ्या थापायच्या आणि वरचे लोक गॅलरीत बसून म्हणणार, खाली किती छान मोकळी जागा ठेवलीये. डोंगर जागेवर राहील, आत्या. जागेवर राहणार नाहीस ती तू. आता कळलं ना, मी शर्ट का धुतला?

परत आल्यावर मी मालकांना ती ओळ सांगितली. मला वाटलं ते दचकतील. ते अजिबात दचकले नाहीत. मायेने म्हणाले, “बेटा, आत्याबाईंचं वय काय? छप्पर त्यांच्यापेक्षा जास्त टिकेल.” तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा पोत्यावर जाऊन बसलो. त्यांना वाटलं, मला उकडतंय.

आज पालिकेची पाहणी समिती जागा बघायला येणार आहे, म्हणून मला हललेले बांबू सरळ करून इथेच थांबायला सांगितलंय. त्यामुळे हे पत्र लिहून झालं, नाहीतर अजून कुठल्यातरी शर्टात असतं. बाकी सगळं ठीक. मी नीट जेवतो. कामाला चिकटून आहे. तुझी तब्येत सांभाळ, चिखल एकटीने उपसू नकोस, मांजर आली की कळव.

तुझा लाडका (दुसरा भाचा गणितात पहिला येत असला तरी)
भिंगरी

ता. क. माझा जुना स्वेटर तुझ्याकडच्या पेटीत असेल. कोपर फाटलेलं आहे ते तसंच राहू दे, मला तिथून हवा लागते. कोणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे राहिली नाही, राहू दिली. हे पत्र मालकांच्या कागदावर, मालकांच्या पेनाने आणि मालकांच्या सांगण्यावरून लिहितोय. “आत्याला समजावून लिही,” ते म्हणाले, “तुझ्या शब्दात लिही.” तर ते वर आहेत, माझ्या शब्दात. दुसरं म्हणजे, खुर्ची मिळाली त्याच दिवशी मी त्यांना सांगून बसलो होतो की आत्या माझ्या शब्दाबाहेर नाही. (तू हे वाचून कोणत्या आवाजात हसशील ते मला इथे ऐकू येतंय.) सही झाली तर मला कायमचा सुपरवायझर करणार आहेत, शिट्टीसकट. आणि तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, हो, मला ती शिट्टी हवी होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ‘कायमचा’ हा शब्द माझ्या बाबतीत चांगल्या अर्थाने वापरला होता.

तरी माझं मागणं हे आहे, आणि खरं तर यासाठीच हे सगळं लांबण लावलं. मालक येतील. गोड बोलतील. सही करू नकोस. आणि नुसतं नाही म्हणू नकोस, मला उद्देशून एक उत्तर लिही आणि त्यात मला भरपूर शिव्या घाल. काटकसर नको. मी नालायक, मी उडाणटप्पू, मी कुळाला डाग, बेकरीचाही उल्लेख कर. म्हणजे ते पत्र मी मालकांना दाखवीन, त्यांना वाटेल पोराने जीव तोडून प्रयत्न केला पण म्हातारी ऐकेना, आणि माझी शिट्टी नाही तरी निदान काठी धरायचं काम राहील. शिव्या खऱ्या वाटल्या पाहिजेत. तू मला मनातून माफ केलेलं असलंस तर ते पत्रात कुठेही दिसू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. समिती आली. त्यांची गाडी दुसऱ्या वळणावरच थांबली, चढ सोसेना. (रस्त्याचा चढ नियमात आहे.) सगळे हातरुमालाने वारा घेत उभे आहेत, इंजिनिअर बाईही आहेत. मालक नकाशा धरून मोकळा देखावा दाखवताहेत, मोजणीदार आत्तापासूनच चष्मा पुसतोय. मी बांबूला टेकून लिहितोय, त्यांना वाटतंय मी उंची टिपतोय.

ता. क. चौथा. आत्या, तुझ्या घराच्या बाजूने, शेळीच्या वाटेने कोणीतरी वर येतंय. हातात काठी आहे. दुसऱ्या हातात एक कागद फडफडतोय. दर चार पावलांनी थांबतंय, गुडघा धरतंय आणि ओरडतंय. त्या वाटेने माणूस येत नाही. आवाज मात्र माणसाचाच आहे, आणि तो मला पाळण्यापासून माहीत आहे.

ता. क. पाचवा. म्हणजे मालक सकाळीच तुझ्याकडे जाऊन आले होते! मला बोललेच नाहीत. आणि तू कागद शेवटाकडून वाचलास! तुझं पहिलं वाक्य इथवर पोचलं: “हो म्हणाला म्हणे! कोण हो म्हणाला? ज्याला स्वतःचा टॉवेल सांभाळता येत नाही तो माझी जागा वाटणार?” समिती वळून बघतेय. दुसरं पोचलं: “माझं घर मोकळी जागा? मग मी कोण आहे गं बाई, वारा?” हे तू इंजिनिअर बाईंना म्हणालीस. त्या बाई हसल्या, आत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आता त्यांनी मोजणीदाराला विचारलंय, खालचा तुकडा काढून सरासरी किती? त्याने आकडा इतक्या हळू सांगितला की समितीच्या अध्यक्षांना कानामागे हात धरावा लागला. मालक म्हणताहेत, “थोडी गैरसमजूत पुढे आलीये.” बाई नकाशावर तुझ्या अंगणाभोवती लाल पेनाने रेघ मारताहेत, आडवी, उभी आणि मग फुलीच. निम्मी घरं गेली. शेवटच्या ओळीतली, माझ्या छातीएवढी होती ती, सगळी गेली.

मालक माझ्याकडे बघून म्हणताहेत, “बेटा, तू तर म्हणाला होतास…” मी मान खाली घातली आहे. त्यांना वाटतंय शरमेने. तू आता नालायकवरून कुळाच्या डागापर्यंत आलीस, बेकरीही झाली. इतकं मनापासून मी मागितलंही नव्हतं, आणि ते तुला न कळवता मिळालं. फक्त तुझ्या चेहऱ्यावरून कुठेच वाटत नाहीये की यातलं काही दाखवण्यापुरतं आहे. काठी वर गेली आहे. शेवटचं वळण घेतलंस.

पत्र हातातच देतो. मारायचं तर मार, पण आधी वाच. आणि सुरुवातीपासून नको, दुसऱ्या ता. क.पासून वाच.